जमाखर्चाचं गाव

इतिहासाच्या पुस्तकात सगळ्यांना जागा असते. राजाला असते, सेनापतीला असते, फितुराला तर स्वतंत्र परिच्छेद असतो. घोड्यांची नावं असतात, तोफांची असतात. जागा नसते ती फक्त कारकुनाला. लढाई कोणी जिंकली ते आपण शाळेत घोकतो. पण त्या लढाईच्या दाणावैरणीचा हिशेब रात्री दिव्याखाली बसून कोणी जुळवला, हे गुरुजी सांगत नाहीत आणि परीक्षेतही कोणी विचारत नाही. गेली वीस-बावीस वर्षं मी बँकेत कारकुनी करतो आहे. शिक्षण बी.कॉम. त्यामुळे या अन्यायाची मला जरा जास्तच जाणीव आहे.

म्हणूनच फ्लॉरेन्स हे गाव मला एकदम घरचं वाटलं. लोक तिथे कला बघायला जातात. मायकेलअँजेलो, लिओनार्दो, बोत्तिचेल्ली ही नावं घेताना त्यांचा आवाज देवघरात बोलल्यासारखा खाली येतो. येऊ द्या. माझं म्हणणं एवढंच, की ते गाव मुळात आमच्या लोकांचं आहे. बँकवाल्यांचं. कलावंत मागाहून आले. आधी खतावणी आली.

बँकेच्या पगारात हे फ्लॉरेन्स कसं बसवलं, अशी शंका चाणाक्ष वाचकांना आली असेल. तर खुलासा असा, की आमच्या सौ.चा धाकटा भाऊ म्युनिकला नोकरी करतो. आमच्या चिरंजीवांची बारावी झाली होती आणि पुढचं शिक्षण जर्मनीतच घेण्याचं त्यांनी परस्पर ठरवलं होतं. तेव्हा मुलगा जिथे राहणार ते गाव निदान डोळ्यांखालून घालावं, म्हणून आम्ही चौघं मेव्हण्याकडे जाऊन थडकलो. जर्मनीत पेंटेकॉस्टच्या सणाला सोमवारी सुटी असते. शनिवार, रविवार आणि सोमवार लागून आले की कुठल्याही देशातल्या नोकरदाराचे डोळे सारखेच चमकतात. मेव्हण्याने रात्रीच्या गाडीची चार तिकिटं काढून आमच्या हातात ठेवली आणि स्वतः मात्र तीन दिवस घरात शांतता उपभोगायला मागे राहिला.

सौ.ने तिखटमिठाच्या पुऱ्या घेतल्या. कन्येने कॅमेरा घेतला. चिरंजीवांनी कानात घालायची दोन बोंडं घेतली. मी खिशात वही घेतली. प्रवासात रोजचा खर्च रोज लिहायचा, हा माझा नेम आहे. चिरंजीवांचं यावर मत असं, की हे सगळं हल्ली फोन आपणहून लिहितो, आणि वही बाळगणारा बँकेतला माणूस ही जमात डायनासोरच्या मार्गाने निघालेली आहे. मी काही बोललो नाही. फ्लॉरेन्स येऊ दे म्हटलं.

फ्लॉरेन्स भल्या सकाळी आलं. स्टेशनातून बाहेर पडून दहा-पंधरा मिनिटं चाललं की रस्ते अरुंद होतात, घरं उंच होतात आणि एका कोपऱ्यावर वळताच कॅथेड्रलचा तो अवाढव्य घुमट अंगावर येतो. कन्येने "बाप रे!" म्हटलं. चिरंजीवांनीसुद्धा एका कानातलं बोंड काढलं. पण मी त्यांना आधी तिथे नेलं नाही. मी त्यांना बाजारात नेलं.

या गावाची कथा बाजारात सुरू होते. १२५२ साली फ्लॉरेन्सने सोन्याचं नाणं पाडलं. त्याचं नाव फ्लोरिन. वजन साधारण साडेतीन ग्रॅम, सोनं चोवीस कॅरट. एका बाजूला लिलीचं फूल आणि दुसऱ्या बाजूला संत जॉन बाप्तिस्त, म्हणजे त्या गावचं ग्रामदैवतच. चोवीस कॅरट म्हटल्यावर सौ. थांबली आणि पुढचं लक्ष देऊन ऐकू लागली. त्या नाण्यात खोट नसे, म्हणून ते लंडनपासून भूमध्य समुद्राच्या पलीकडच्या बंदरांपर्यंत चाले. ज्याच्या नाण्याला बाजार मानतो, त्याच्याकडे लोक आपले पैसे ठेवायला येतात. झाली बँक! चौकात एक बाक टाकायचा, पुढ्यात मेज, शेजारी थैली आणि वही. बाकाला ते 'बांको' म्हणत, त्यावरूनच आपला 'बँक' हा शब्द आला. एखाद्याचं दिवाळं निघालं की त्याचा बाक मोडत, म्हणून दिवाळखोरीला 'बांकारोत्ता', असं सांगतात.

नव्या बाजाराचा मंडप सोळाव्या शतकाच्या मध्यावर बांधलेला आहे. हल्ली त्यात चामड्याच्या पिशव्या आणि पट्टे विकतात. बाजूला पितळी रानडुक्कर बसलेलं आहे. नाव 'पोर्चेल्लिनो', म्हणजे डुकराचं पिल्लू. अंगाने मात्र चांगलं दीडशे किलोंचं दिसतं. त्याच्या नाकावर हात घासला की माणूस फ्लॉरेन्सला परत येतो म्हणे, आणि त्याच्या तोंडात नाणं ठेवून सोडायचं. ते खालच्या जाळीत पडलं की भाग्य उघडतं. हात फिरवून फिरवून लोकांनी त्याचं नाक लखलखीत केलेलं आहे. (खरं तर हे डुक्कर नक्कल आहे, सतराव्या शतकातलं अस्सल डुक्कर संग्रहालयात सुरक्षित आहे. मौल्यवान ऐवज लॉकरात आणि काउंटरवर नक्कल, ही शिस्त मला पसंत पडली.)

पण लोक डुकरापुढे रांग लावतात आणि खरी पाहण्यासारखी वस्तू पायाखाली तुडवतात. मंडपाच्या बरोबर मधोमध जमिनीत गाडीच्या चाकासारखा एक संगमरवरी गोल बसवलेला आहे. त्याला बेअब्रूचा दगड म्हणतात. कर्ज बुडवणाऱ्या व्यापाऱ्याला इथे आणत, भर बाजारात त्याची विजार उतरवत, आणि त्याची उघडी बैठक या दगडावर आपटत. वसुलीची ही पद्धत ऐकून कन्या खो-खो हसली. मी हसलो नाही. थकबाकीदाराला स्मरणपत्र पाठवायचं, मग दुसरं, मग तिसरं, मग वकिलाचं, आणि शेवटी तोच माणूस नव्या गाडीतून येऊन आपल्याला वाढदिवसाचं आमंत्रण देऊन जातो, हे ज्याने पाहिलं आहे, तो त्या दगडापुढे नम्रच होतो.

आता आमच्या धंद्यातली एक गंमत. १२९९ साली फ्लॉरेन्सच्या सराफ-सावकारांच्या संघाने एक नियम केला, की हिशेबाच्या वह्यांत नवे आकडे वापरायचे नाहीत. नवे आकडे म्हणजे कुठले? आपलेच! भारतातून ते अरबांकडे गेले आणि शेजारच्या पिसा गावच्या लिओनार्दोने १२०२ मध्ये पुस्तक लिहून ते इटलीला शिकवले. हा लिओनार्दो फिबोनाची या नावाने ओळखला जातो. चित्रवाला लिओनार्दो वेगळा. मग बंदी कशासाठी? तर या आकड्यांत लबाडी सोपी. शून्याला शेपूट काढलं की सहा होतो किंवा नऊ होतो. म्हणून रक्कम जुन्या रोमन अक्षरांत लिहायची. आज तुम्ही चेक लिहिताना आकड्यांत रक्कम लिहून पुन्हा 'अक्षरी' लिहिता ना? तीच भीती. सातशे वर्षांत माणूस चंद्रावर जाऊन आला, पण शून्याच्या शेपटीवर कारकुनाचा विश्वास अजून बसलेला नाही.

नेमक्या त्याच काळात, १२९९ आणि १३०० या दोन वर्षांत, फ्लॉरेन्सच्या एका पेढीचा कारकून फ्रान्सच्या दक्षिणेला एका शाखेत बसून खतावणी लिहीत होता. पेढी फारोल्फींची. कारकुनाचं नाव आमात्तिनो मानुच्ची. त्या खतावणीची काही पानं उरली आहेत, आणि द्विनोंदी पद्धतीने नीट ठेवलेल्या जगातल्या सर्वांत जुन्या वह्यांत ती गणली जातात. प्रत्येक नावेला एक जमा, प्रत्येक जमेला एक नावे. दोन्ही बाजू जुळल्याशिवाय घरी जायचं नाही. पेढीच्या मालकाने कुठली लढाई जिंकली नाही. मानुच्चीने चित्र काढलं नाही. तरी सातशे वर्षांनी सांगलीहून एक माणूस येऊन बाजारात उभा राहतो आणि आपल्या मुलांना त्याचं नाव सांगतो.

"कारण त्याने रोजच्या रोज लिहिलं," मी म्हणालो.

"कारण त्याच्याकडे फोन नव्हता," चिरंजीव म्हणाले.

दुपारी जेवायला एका खाणावळीत बसलो. तिथे 'रिबोल्लिता' नावाचा पदार्थ मिळतो. नावाचा अर्थ 'पुन्हा उकळलेली'. शिळा पाव, वाल, पालेभाजी एकत्र शिजवून घट्ट केलेलं सार. सौ.ने एक चमचा तोंडात घातला आणि निर्णय दिला, "फोडणीच्या पोळीची मावसबहीण आहे." तिथला पाव मात्र पूर्ण अळणी. बिल आल्यावर मनात युरोचे रुपये करून पाहिले, तर शिळ्या पावाला तिकडे भलताच भाव आहे असं आढळलं. घरी आपण तो सकाळी चहाबरोबर फुकट खातो.

जेवताना मी बार्दी आणि पेरुत्सी यांची हकीकत सांगितली. चौदाव्या शतकात युरोपातल्या या सर्वांत मोठ्या पेढ्या. इंग्लंडच्या तिसऱ्या एडवर्डला फ्रान्सशी लढाई करायची होती आणि लढाईला पैसे लागतात. या दोघांनी ते दिले. इंग्लंडची लोकर हवी होती, आणि राजाला नाही कोण म्हणणार? कर्जदार जितका मोठा तितके कागद कमी तपासायचे, हा मोह जुनाच. राजाने परतफेड केली नाही. १३४३ मध्ये पेरुत्सी बुडाले, १३४६ मध्ये बार्दी. बखरकार व्हिल्लानी लिहितो, की राजाकडे बार्दींचे नऊ लाख आणि पेरुत्सींचे सहा लाख फ्लोरिन अडकले होते. आकडे फुगलेले असतील असं आजचे अभ्यासक म्हणतात. पण व्हिल्लानीचं दुःख फुगवलेलं नव्हतं. तो स्वतः अशाच एका बुडालेल्या पेढीचा भागीदार होता आणि त्यापायी तुरुंगात गेला होता. पुढे १३४८ ची प्लेगची साथ आली आणि तीत तोही गेला. मागे राहिली ती बखर. पुन्हा तेच, लिहून ठेवलं म्हणून.

"राजाची विजार उतरवली का मग, त्या दगडावर?" कन्येने विचारलं.

राजांच्या विजारी उतरत नाहीत, बाळ. हाच तर सगळा इतिहास आहे.

या गावाने कर कसा वसूल केला तेही ऐकण्यासारखं आहे. १४२७ मध्ये 'कातास्तो' नावाची मोजदाद झाली. प्रत्येक कुटुंबाने आपली जमीन, माल, येणं, देणं, घरातली माणसं आणि त्यांची वयं लेखी द्यायची. राहतं घर सोडून द्यायचं, आणि घरातल्या दर तोंडामागे दोनशे फ्लोरिनची वजावट मिळायची. ऐंशी-क आणि प्रमाणित वजावट पाहून माझी हयात गेली, त्यामुळे माझे डोळे पाणावले. साठ हजारांच्या आसपास कुटुंबांची ही विवरणपत्रं झाली आणि बहुतेक सगळी अजून शाबूत आहेत.

"म्हणजे आपली चार तोंडं, आठशे फ्लोरिन सूट," मी म्हणालो.

"तोंडं मोजत होते, की ती किती चालतात त्यावर सूट होती?" सौ.ने विचारलं. हा टोमणा कोणाला, याचा तपास मी केला नाही.

संध्याकाळी घुमट चढलो. पायऱ्या ४६३. लिफ्ट नाही. हा घुमट १४२० ते १४३६ या काळात ब्रुनेलेस्कीने उभा केला. खालून लाकडी सांगाड्याचा आधार न देता, दुहेरी कवच रचून, चाळीस लाखांवर विटा माथ्याकडे नेल्या. आजही अभियंते तो बघून मान हलवतात. पण मला त्याची आवडलेली गोष्ट वेगळी. १४३४ मध्ये, घुमट पुरा होत आला असताना, या थोर माणसाला गवंड्यांच्या संघाने अटक करवली. गुन्हा? संघाची वार्षिक वर्गणी भरली नव्हती! दहा-अकरा दिवस तो आत होता. वर घुमट, खाली वर्गणीची थकबाकी. संघाच्या त्या खजिनदाराचं नाव कुठे सापडत नाही, पण तो आमच्यातलाच होता याबद्दल मला शंका नाही.

या घुमटाखालीच मेदिचींचं रक्त सांडलं. मेदिचींची बँक जोव्हान्नी दि बिच्ची याने १३९७ मध्ये फ्लॉरेन्सला काढली. रोम, व्हेनिस, जिनिव्हा, ब्रुज, लंडन अशा शाखा निघाल्या. सर्वांत मोठं खातं खुद्द पोपचं. आता अडचण अशी, की चर्चच्या मते व्याज घेणं हे पाप. पापाशिवाय बँक चालत नाही आणि पोपशिवाय ही बँक चालत नव्हती. मग व्याजाला व्याज म्हणायचंच नाही. इथे हुंडी, तिथे परकी नाणी, मधल्या दरात नफा. ठेवीदाराला वर्षअखेर मिळे ती मालकाच्या मर्जीची 'भेट'. आमच्याकडे सस्पेन्स नावाचं एक खातं असतं. जिचं नेमकं नाव ठरत नाही, कुठे टाकायची ते कळत नाही, अशी रक्कम खुलासा होईपर्यंत तिथे ठेवतात. मेदिचींनी आपला सगळा धर्मच सस्पेन्स खात्यात ठेवला होता म्हणायचा. तरी मन खातच असावं. जोव्हान्नीच्या मुलाने, कोझिमोने, सान मार्कोचा मठ स्वखर्चाने नव्याने बांधून दिला आणि त्यात एक खोली स्वतःला चिंतनासाठी ठेवली. व्याजातून मठ निघाला, आणि मठाच्या भिंतींवर फ्रा अँजेलिकोची चित्रं. या गावातलं पुष्कळसं सौंदर्य असं प्रायश्चित्ताच्या खात्यातून खर्ची पडलेलं आहे.

पुढे पोप चौथा सिक्स्टस याने इमोला गाव विकत घ्यायला कर्ज मागितलं. मेदिचींनी टाळाटाळ केली. पात्सी नावाच्या दुसऱ्या सावकारांनी ते दिलं आणि पोपने आपलं खातं तिकडे फिरवलं. मोठं खातं फुटलं की शाखेत कसं सुतक पडतं ते मी पाहिलेलं आहे. पण आमच्याकडे फार तर व्यवस्थापकाची बदली होते. इथे २६ एप्रिल १४७८ रोजी, भर प्रार्थनेत, याच कॅथेड्रलमध्ये पात्सींच्या माणसांनी कोझिमोच्या नातवांवर सुरे चालवले. जुलियानो जागीच मेला. लोरेन्सो गळ्याला जखम घेऊन बाजूच्या खोलीत शिरला आणि वाचला. बँकांमधली चढाओढ निकोप असावी असं आमच्या परिपत्रकात म्हटलेलं असतं, ते किती बरोबर आहे पाहा.

लोरेन्सो कवी, मुत्सद्दी, कलावंतांचा पोशिंदा. फक्त बँकेच्या वह्या बघायचा त्याला कंटाळा. ब्रुजच्या शाखाधिकाऱ्याने बर्गंडीच्या ड्यूकला कर्ज दिलं आणि १४७७ मध्ये ड्यूक लढाईत मेला. लंडनच्या शाखेने इंग्लंडच्या चौथ्या एडवर्डला दिलं. म्हणजे बार्दी-पेरुत्सींचा धडा गावातच होता, पण वर्गात कोणी हजर नव्हतं. १४९४ मध्ये मेदिचींना गावाबाहेर काढलं आणि बँक संपली. आणि दैवाचा विनोद असा, की त्याच १४९४ साली व्हेनिसला लुका पाचोली या भिक्षूचा ग्रंथ निघाला. द्विनोंदी पद्धत समजावून सांगणारं ते पहिलं छापील पुस्तक. क्रमिक पुस्तक यायला आणि विद्यार्थी नापास व्हायला एकच गाठ पडली.

रविवारी उफित्सी संग्रहालय पाहिलं. जगभरचे लोक हे नाव भक्तीने घेतात. त्याचा अर्थ काय ठाऊक आहे? कचेऱ्या! १५६० मध्ये कोझिमो पहिला या ड्यूकने आपली सरकारी दप्तरं एका छताखाली आणण्यासाठी ही इमारत वासारीकडून बांधायला घेतली. चित्रं मागाहून वरच्या मजल्यावर आली. म्हणजे आज व्हीनस उभी आहे त्या वास्तूचा पाया टेबल-खुर्ची, टाक आणि दौतीवर घातलेला आहे. हे मी चिरंजीवांना दोनदा सांगितलं.

पण ही चित्रं अजून इथे आहेत ती एका बाईमुळे. मेदिचींचा शेवटचा पुरुष १७३७ मध्ये वारला आणि राज्य परक्या घराण्याकडे गेलं. मागे राहिली त्याची बहीण आन्ना मारिया लुइसा. मूलबाळ नाही. तिने त्याच वर्षी नव्या राजवटीशी करार केला, की घराण्याची सगळी चित्रं, पुतळे, ग्रंथ, जडजवाहीर मी राज्याला देते. मात्र त्यातली एकही वस्तू फ्लॉरेन्सबाहेर जाता कामा नये. कारणही लिहिलं: राज्याची शोभा, लोकांचा उपयोग, आणि परदेशी माणसांचं कुतूहल. घराण्याने राजांना दिलेलं सगळं बुडालं. हिने गावाला दिलेलं तेवढं वसूल झालं. परदेशी माणसांचं कुतूहल म्हणजे आम्हीच की! सौ., एक पिशवी पुऱ्यांसह.

बोत्तिचेल्लीच्या 'प्रिमाव्हेरा'समोर, म्हणजे वसंताच्या चित्रासमोर, मी कन्येला एक गोष्ट सांगितली. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बच्या भीतीने ही चित्रं गावाबाहेरच्या वाड्यांतून लपवली होती. १९४४ च्या उन्हाळ्यात आठवी भारतीय डिव्हिजन फ्लॉरेन्सकडे सरकत होती. तिच्यातल्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पलटणीने मोंतेगुफोनी नावाच्या वाड्यात मुक्काम टाकला. खोल्या उघडून बघतात तो काय, भिंतीला टेकवून ठेवलेली चित्रं, दोनशेहून जास्त, आणि त्यांत हे! एरिक लिंक्लेटर या लेखकाने हे सारं लिहून ठेवलं आहे. त्या वसंतावर पुढे भारतीय जवानांचा पहारा बसला. सातारा-कोल्हापूरकडची पोरं, दारात संगीन रोवून उभी, आणि आत फुलं उधळणारी देवी. कन्या चित्राकडे बराच वेळ बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "त्यांना माहीत होतं का, हे कोणाचं आहे?" माहीत नसलं तरी जपलं, हेच मोठं.

सोमवारी उफित्सी बंद असतं. मी म्हणालो, चला, आता आराम. पण सौ. हटून बसली. तिचं माहेर कोल्हापूरचं. लहानपणी आजोबांकडून तिने ऐकलं होतं, की आमच्या एका महाराजांची छत्री तिकडे इटलीत आहे. ती बघितल्याशिवाय परत जायचं नाही.

आर्नो नदीच्या काठाने कास्चिने नावाची बाग आहे, लांबच लांब. तिच्या अगदी शेवटच्या टोकाला, मुन्योने नावाचा ओढा आर्नोला मिळतो तिथे, ती छत्री उभी आहे. चालून चालून आम्ही दमलो. चिरंजीव मात्र आज पुढे होते.

कोल्हापूरचे दुसरे राजाराम महाराज १८७० साली विलायतेच्या प्रवासाला गेले होते. इंग्लंड पाहून युरोपातून परतताना आजारी पडले आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्सला वारले. वय वर्षं वीस. तेव्हा फ्लॉरेन्स इटलीची राजधानी होतं. दहन ही गोष्ट तिकडे परकी; तरीही नगरपालिकेने परवानगी दिली, आणि हिंदू रीतीप्रमाणे संगमावर, रात्री, चिता पेटली. पंचगंगेच्या घाटाऐवजी आर्नोचा काठ. १८७४ मध्ये तिथे छत्री झाली. चार्ल्स मॅन्टने ती रचली. पुढे कोल्हापूरचा नवा राजवाडाही त्यानेच बांधला. आत फुलरने घडवलेला महाराजांचा अर्धपुतळा आहे. शेजारून १९७८ मध्ये पूर्ण झालेला मोठा पूल जातो. त्याचं नाव 'पोन्ते आल्'इंदियानो', म्हणजे भारतीयाचा पूल. रोज हजारो गाड्या महाराजांच्या नावावरून जातात. नाव ठाऊक नसेल कोणाला, पण घेतात सगळे.

आणि महाराज रोजनिशी लिहीत होते. इंग्रजीत. रोज काय पाहिलं, कोणाला भेटलो. कॅप्टन वेस्टने ती १८७२ मध्ये छापली. खातं मध्येच बंद झालं; पण तिथवरच्या नोंदी आहेत, म्हणून विसाव्या वर्षी गेलेला तो मुलगा आज आपल्याशी बोलतो.

सौ. बराच वेळ पुतळ्यापाशी उभी होती. मग म्हणाली, "घरी किती दिवसांनी कळलं असेल हो? त्या काळी?" मी उत्तर दिलं नाही. ती चिरंजीवांकडे वळली. "तिकडे राहायला लागलास की रोज एक ओळ लिहायची. काय खाल्लंस, कुठे गेलास. फोनवर नाही. वहीत."

चिरंजीव काहीतरी बोलतील असं वाटलं होतं. ते नुसतंच "बरं" म्हणाले.

रात्री परतीच्या गाडीत मी वही काढून तीन दिवसांचा हिशेब जुळवायला बसलो. ट्राम, पाणी, घुमट, कचेऱ्या, रिबोल्लिता. सगळं मांडलं, दोन युरो कमी पडत होते. पुन्हा बेरीज केली. पुन्हा दोनच. तेव्हा वरच्या फळीवरून चिरंजीवांचा आवाज आला, "बाबा, ते दोन मी घेतले होते. त्या डुकराच्या तोंडात टाकले. नाकावर हातपण घासला."

म्हणजे हा परत येणार. पण दंतकथेत आहे ते फ्लॉरेन्सला परत येणं. सांगलीचा उल्लेख नाही. मी पेन हातात धरून सौ.ला विचारलं, "दोन युरो. कुठल्या खात्यात टाकू? धर्मादाय?"

वीस वर्षं बँकेतल्या माणसाबरोबर संसार केलेल्या त्या बाईने डोळे मिटलेले तसेच ठेवून सांगितलं, "सस्पेन्समध्ये ठेवा."